दोन-चार-शून्य

"दोनशे चाळीसला दोन. दगडामागे. एक पाडलाय."

आधी दिशा, मग माणसं किती, कशाच्या आड आहेत आणि कोणत्या अवस्थेत आहेत. एवढं वाक्य छाती धडधडत असताना, याच क्रमाने तोंडातून यावं म्हणून मी चार मुलांबरोबर दीड वर्ष घालवलं आहे. अजूनही आठ-दहा दिवसांनी एखादा चुकतो आणि मी व्हिडिओ थांबवून विचारतो, "थंय म्हणजे नेमकं कुठे?"

मी बीजीएमआयचा, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडियाचा कोच आहे. त्याआधी हाच खेळ, आधी पब्जी या नावाने आणि मग या नव्या नावाने, पगार घेऊन खेळत होतो. मालवणच्या दक्षिणेला, किनाऱ्यालगतच्या एका वाडीत माझं घर आहे. वाडीत मला 'मोबायलाचो मास्तर' म्हणतात. मला ते नाव आवडतं.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. स्पर्धेत १६ संघ असतात, प्रत्येकात चार जण, असे ६४ जण विमानातून एका बेटावर उतरतात. एरंगेल हा त्यातला सगळ्यांत जुना नकाशा, ८ बाय ८ किलोमीटरचा. ब्रेंडन ग्रीन या आयरिश माणसाने हा खेळ रचला आणि आपल्या मुलीच्या एरिन या नावावरून बेटाचं नाव ठेवलं. हे मला फार उशिरा कळलं, आणि त्या दिवसापासून ते बेट जरा जवळचं वाटायला लागलं. रिकाम्या हाताने उतरायचं, घराघरांतून हत्यारं गोळा करायची. मग नकाशावर एक वर्तुळ उमटतं आणि ते लहान लहान होत जातं. वर्तुळाबाहेर राहिला तो हळूहळू मरतो, म्हणून सगळे एकमेकांकडे ढकलले जातात. शेवटी एकच संघ उरतो. त्याला दहा गुण, आणि मारलेल्या प्रत्येक माणसामागे एक गुण. दिवसाला पाच-सहा सामने. एकही सामना न जिंकता स्पर्धा जिंकलेले संघ मी पाहिले आहेत. रोज थोडं थोडं जोडत जाणारे.

पडद्याच्या वरच्या कडेला होकायंत्राची पट्टी असते. तिच्यावर पंधरा-पंधरा अंशांच्या खुणा. शत्रू दिसला की तो आकडा वाचायचा आणि सांगायचा. ऐकायला सोपं आहे. मी कोच झालो तेव्हा मलाही सोपंच वाटलं होतं.

आमची चारही मुलं कोकणातली. एक आमच्याच तालुक्यातला, एक राजापूरचा, एक चिपळूणचा, आणि चौथा मूळचा देवगडचा पण जन्मापासून विरारला वाढलेला. यूट्यूबवर सगळे मोठे खेळाडू हिंदीत बोलतात, म्हणून ही मुलंही सुरुवातीला हिंदीत बोलायची. पण गोळ्या सुटायला लागल्या की हिंदी गळून पडायची. मग प्रत्येकाच्या तोंडून घरची भाषा यायची. आणि एकदा असं झालं की आमचा मालवणी मुलगा ओरडला, "मेलंय! मेलंय!" मालवणीत 'मी मेलंय' म्हणजे मी मेलो. विरारवाल्याने ऐकलं ते असं, की समोरचं एक मेलंय. तो आनंदाने पुढे धावला. समोर दोघं शाबूत उभे होते. बारा सेकंदांत आमचा संघ संपला.

त्या रात्री मी तो तुकडा वीस वेळा ऐकला. दोघांचीही चूक नव्हती. एकाची भाषा बरोबर होती आणि दुसऱ्याचे कानही बरोबर होते. शिकवायचं काय, हे मला त्या रात्री पहिल्यांदा नीट दिसलं.

मग आकड्यांचा घोळ सापडला. आम्ही ठरवलं, हिंदी नाही, इंग्रजी नाही, सगळं मराठीत बोलायचं, म्हणजे घाईतही भाषा बदलणार नाही. तर होकायंत्रावरचे आकडे बघा: पंच्याहत्तर, एकशे पंचाण्णव, दोनशे पंचावन्न, दोनशे पंच्याऐंशी. मराठीत एकक आधी येतो आणि दशक मागून. पंचावन्न, पंच्याहत्तर, पंच्याऐंशी, पंचाण्णव, सगळ्यांची सुरुवात 'पंच'. कानावर आधी पाच पडतो, जो इथे निरुपयोगी आहे, आणि कामाचं अक्षर शेवटी येतं. तेवढ्यात कोणीतरी बॉम्ब फेकला की ते शेवटचं अक्षरच ऐकू येत नाही. दोनशे पंचावन्न आणि दोनशे पंच्याऐंशी यांत तीस अंशांचा फरक आहे. दोनशे मीटर लांबच्या माणसाच्या बाबतीत तीस अंश म्हणजे शंभर मीटरची चूक.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं संख्यावाचन आलं आणि महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला. तेव्हा मीही चिडलेल्यांच्या बाजूने होतो. माझी आजी परड्यातले नारळ मोजताना एकोणऐंशी, ऐंशी, एक्क्याऐंशी असं जे म्हणायची त्याला एक ताल होता, तो कोणी मोडू नये असं मला वाटायचं. आजही वाटतं. पण तेव्हा पुस्तक करणाऱ्यांना जी अडचण दिसली होती तीच मला पाच वर्षांनी हेडफोनमधून ऐकू आली. आम्ही शेवटी आकडे फोडले. दोन-पाच-पाच. दोन-आठ-पाच. दोनशे चाळीस झालं दोन-चार-शून्य. आठवडाभर मुलं अडखळली, मग सरावली. माझ्या कोचिंगमधून संघाचा पहिला खरा फायदा झाला तो हा. नेमबाजी मी त्यांना काय शिकवणार, त्यांची बोटं माझ्यापेक्षा जलद आहेत.

माझी बोटं कधी जलद होती, तेही सांगायला हवं.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं तेव्हा मी बारावीला होतो. वाडीत रेंज नव्हती, वर सड्यावर होती. संध्याकाळी कातळावर दहा-बारा पोरं एकमेकांपासून दोन-दोन हातांवर बसलेली, प्रत्येकाच्या तोंडावर उजेड, खाली समुद्र काळा होत चाललेला. २०१८ मध्ये पब्जी मोबाइल आलं तेही मी त्या कातळावरच शिकलो. पुढे कॉलेजसाठी विरारला मामांकडे गेलो. कॉलेज नावापुरतं राहिलं. २०१९ च्या सुरुवातीला गुजरातमध्ये काही शहरांत या खेळावर बंदी आली, खेळणाऱ्या पोरांना पोलिसांनी धरलं, ती बातमी मामांनी जेवताना मोठ्याने वाचून दाखवली होती. मामी काही बोलली नाही, फक्त माझ्या ताटात आणखी एक तुकडी वाढली. त्याच वर्षी एका संघाने मला नवी मुंबईतल्या फ्लॅटवर बोलावलं. बूटकॅम्प म्हणतात त्याला. पाच गाद्या, दोन राउटर, दिवसाला दहा तास सराव. मी आयजीएल होतो, म्हणजे सामन्यात निर्णय घेणारा, हाक देणारा. वीस वर्षांचा होतो आणि मला वाटायचं की मला नकाशा आतून दिसतो.

पुढची चार वर्षं भराभर सांगतो, कारण तीही तशीच गेली. टाळेबंदीत घरी आलो. १ सप्टेंबर २०२० ला अनंत चतुर्दशी होती, आम्ही गणपती पोचवून आलो, आणि २ तारखेला सरकारने ११८ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली त्यात पब्जी होतं. ऑक्टोबरअखेर सर्व्हरही बंद. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेलं. आमच्या वाडीत वीज यायला बारा दिवस लागले, अंगणातले दोन माड आडवे झाले, आणि त्या बारा दिवसांत मला मोबाइलची आठवण फार थोडी आली. आम्ही कौलं शोधत होतो. २ जुलैला बीजीएमआय आलं. मी परत गेलो, दुसऱ्या संघात, चांगल्या पगारावर. २८ जुलै २०२२ ला तेही स्टोअरवरून गायब झालं. संघ चालवणाऱ्यांनी दोन महिने थांबा म्हटलं, मग फोन उचलणं बंद केलं. शेवटचे दोन पगार आलेच नाहीत. २९ मे २०२३ ला खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा माझा उजवा अंगठा गेलेला होता.

गेलेला म्हणजे दिसायला ठीक होता. कपात चहा ओतताना मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूने कळ यायची. डॉक्टरांनी अंगठा मुठीत धरायला सांगितलं आणि मूठ करंगळीकडे वाकवली. मी ओरडलो. त्यांनी नाव सांगितलं: डी क्वेर्वेन. अंगठा हलवणाऱ्या दोरासारख्या कंडरा मनगटाजवळच्या एका अरुंद बोगद्यातून जातात, तिथलं आवरण सुजतं. एकच हालचाल हजारो वेळा करणाऱ्यांना होतं. डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता? मी म्हटलं, खेळतो. ते म्हणाले, काय खेळता? आई शेजारी बसली होती. तिने माझ्याआधी उत्तर दिलं, "मोबायलावर खेळता तो. पगार होतो तेका." मालवणीत 'होतो' म्हणजे 'होता'. तो शब्द तिने सहज वापरला, पण माझ्यासाठी माझी कारकीर्द त्या एका शब्दात संपली. मी चोविसाव्या वर्षात होतो.

सूज उतरली. पण दिवसाला दहा तास खेळायचा अंगठा परत आला नाही.

कोच होण्याचा प्रस्ताव एका जुन्या ओळखीतून आला. मी होय म्हटलं ते दुसरं काही येत नव्हतं म्हणून. आणि पहिले तीन महिने मी अतिशय वाईट कोच होतो. मुलगा चुकला की मी त्याच्या हातातून फोन घ्यायचो आणि म्हणायचो, "बघ, असं." दुखऱ्या अंगठ्याने सुद्धा ते 'असं' व्हायचं. मुलगा बघायचा. त्याच्या हातात फोन गेला की पुन्हा तेच. एक दिवस त्या संघातला सगळ्यांत लहान, अठरा नुकताच पूर्ण झालेला, मला म्हणाला, "दादा, असं म्हणजे कसं?"

मला उत्तर देता आलं नाही. मी कधी वळतो, का वळतो, डोंगराच्या कोणत्या बाजूला राहतो, हे माझ्या हाताला ठाऊक होतं. तोंडाला ठाऊक नव्हतं. मी इतकी वर्षं ज्यावर पोट भरलं ते माझ्याकडे शब्दांत नव्हतंच. त्या रात्रीपासून मी स्वतःचे जुने सामने बघायला लागलो, वही घेऊन. स्वतःलाच विचारायचो: इथे डावीकडे का गेलास? बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांनी कारण सापडायचं. उदाहरणार्थ, मागच्या टेकडीवर गाडीचा आवाज आला होता आणि थांबला होता. थांबलेला आवाज म्हणजे तिथे कोणीतरी उतरलं. हे मी त्या क्षणी विचार करून ठरवलं नव्हतं, पण माझं अंग वळलं होतं. अशा तीनशेहून जास्त नोंदी त्या वहीत आहेत. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. माझ्याकडे असलेली सगळ्यांत मौल्यवान वस्तू तीच.

त्याच वहीतून दुसरी गोष्ट कळली. सामन्याचा व्हिडिओ बघताना सगळे कोच खेळाडू मरतो तिथे थांबवतात. मीही थांबवायचो. पण चूक तिथे नसते. समोरच्याची गोळी लागली हा शेवट झाला. माणसाची नजर आणि बोट जागं व्हायलाच पाव सेकंदाच्या आसपास लागतं, त्यात काय सुधारणार? मी मागे मागे जायला लागलो. दहा सेकंद, वीस, तीस. साधारण चाळीस सेकंद आधी कुठेतरी एक क्षण सापडतो जेव्हा चौघांपैकी दोघं गप्प झाले होते. शत्रू दिसला नाही म्हणून गप्प नव्हते. आपण काय करतोय हे त्यांना कळेनासं झालं होतं आणि विचारायला लाज वाटत होती. आता मी व्हिडिओ तिथेच थांबवतो. विचारतो, "इथे तू काय विचार करत होतास?" पहिलं उत्तर नेहमी 'काही नाही' असतं. मी थांबून राहतो. मग दुसरं उत्तर येतं.

खेळाडूचा कोच होणं हे आमच्या क्षेत्रात नवीन नाही. डेन्मार्कचा डॅनी सोरेनसन, ज्याला सगळे झोनिक म्हणून ओळखतात, काउंटर-स्ट्राइक या कॉम्प्युटरवरच्या गोळीबाराच्या खेळाचा जुना खेळाडू. कोच म्हणून त्याने अ‍ॅस्ट्रालिस या संघाला चार मेजर, म्हणजे त्या खेळातल्या सगळ्यांत मोठ्या स्पर्धा जिंकून दिल्या, आणि २०२३ मध्ये पॅरिसला व्हिटॅलिटी या संघाबरोबर पाचवी. कोरियाचा कोमा, खरं नाव किम जंग-ग्युन, आधी लीग ऑफ लेजंड्स या पाच-पाच जणांच्या दोन संघांत होणाऱ्या कॉम्प्युटर खेळाचा खेळाडू होता. खेळाडू म्हणून त्याचं नाव फारसं झालं नाही. कोच म्हणून त्याच्या संघाने २०१३, २०१५ आणि २०१६ ची जागतिक स्पर्धा जिंकली, मध्ये तो गेला, परत आला आणि २०२४ मध्ये पुन्हा जिंकला. हांगझौच्या आशियाई खेळांत कोरियाला सुवर्ण मिळालं तेव्हाही संघाचा कोच तोच. मी या दोघांच्या मुलाखती शोधून शोधून बघितल्या, ते मुलांना काय शिकवतात यासाठी. पण माझी नजर जाऊन बसली ती दुसरीकडे: सामना चालू असताना ते कसे बसतात तिकडे.

कारण सामना सुरू झाला की कोचने बोलायचं नसतं. लीगमध्ये पात्रं निवडून झाली की कोच सहसा मंचावरून खाली उतरतो. काउंटर-स्ट्राइकमध्ये २०१६ पर्यंत कोच सामनाभर बोलायचे, कित्येक संघांत हाक तेच द्यायचे. मग तो खेळ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने नियम केला: सराव, मध्यंतर, आणि तीस-तीस सेकंदांचे चार विराम, एवढ्यातच बोला. खेळ पाच जणांचा आहे, सहाव्याचा नाही, असं त्यामागचं म्हणणं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तो अन्याय वाटला. आता तो नियम बरोबर आहे असं माझं ठाम मत आहे, जरी त्याचा त्रास मला दर स्पर्धेत होतो. कोच बोलत राहिला तर मुलं ऐकायला शिकतात, बघायला शिकत नाहीत.

मी दशावताराच्या गावातला, पण हे मला दशावतारात आधी दिसायला हवं होतं ते उशिरा दिसलं. गेल्याच्या गेल्या वर्षी मी मुलांसाठी योजना लिहून काढायचो. वर्तुळ उत्तरेला गेलं तर हे, पुलापलीकडे गेलं तर ते, असं चौदा पानं. मुलं ती पाठ करायची आणि सामन्यात पाठ केलेलं आठवत बसायची. कार्तिकात गावच्या देवळाची जत्रा होती. रात्री नाटक सुरू व्हायच्या आधी मी ओळखीतून मागे रंगपटात गेलो. नट जमिनीवर मांडी घालून, लहान आरशात बघून स्वतःचं तोंड रंगवत होते. नाटक मंडळीचे मालक पेटाऱ्याला टेकून बसले होते. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, आज कोणतं आख्यान, कोण राजा, कोण राक्षस, युद्ध कुठे, आणि उजाडायच्या आत कुठे आणून संपवायचं. पाच-सात मिनिटं. वही नाही, संहिता नाही. त्यानंतर मंचावर एक बाकडं, पेटी, पखवाज, झांज, आणि पहाटेपर्यंत जो तो आपापले शब्द तिथल्या तिथे घडवतो. राजा आणि राक्षस अर्धा तास वाद घालतात आणि त्यातलं एक वाक्यही आधी ठरलेलं नसतं. मालक पडद्याच्या कडेला बसून बघत असतात.

चौदा पानं मी दुसऱ्या दिवशी बाजूला ठेवली. आता सामन्याआधी तीनच गोष्टी ठरतात: उतरायचं कुठे, वर्तुळ लांब गेलं तर कोणत्या बाजूने आत शिरायचं, आणि दोन मतं पडली तर कोणाचं चालेल. बाकी त्यांचं त्यांनी करायचं.

आता बापाशीबद्दल लिहायला हवं, कारण हे सगळं करत असताना मी त्यांच्याच घरात राहतो.

बाबा रापणीवरचे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. एक दोर किनाऱ्यावर धरून होडी समुद्रात अर्धगोल फिरून जाळं सोडत येते, दुसरा दोर लांबवर किनाऱ्याला लागतो, आणि मग दोन्हीकडून पन्नास-साठ माणसं तासन्‌तास ओढत एकमेकांच्या जवळ येतात. मिळेल त्याचे वाटे होतात. ट्रॉलर आणि पर्ससीन बोटी आल्यापासून रापणीला पूर्वीसारखी मासळी लागत नाही, तरी ती टिकून आहे. बाबांची पाठ २०१७ मध्ये गेली. तेव्हापासून ते दोर ओढत नाहीत, वर वाळूच्या उंचवट्यावर उभे राहतात. पाण्याचा रंग कुठे बदललाय, पक्षी कुठे झडप घालतायत, ते बघून होडी कुठून फिरवायची ते हाताने दाखवतात. एकदा जाळं पाण्यात पडलं की हात खाली. मग फक्त बघायचं.

माझं काम त्यांना कधी पटलं नाही, पण त्यांनी अडवलंही नाही. एकदाच विचारलं होतं, "ह्या मोबायलात काय गावता तुका?" तेव्हा मी महिन्याचा आकडा सांगितला होता. त्यांनी विचारलं ते ते नव्हतंच, हे मला आता कळतं.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा झाला. २२ तारखेला राष्ट्रपतींची सही, २७ ला गणेश चतुर्थी. मुंबईहून आलेले चाकरमानी गणपतीच्या पाया पडायला घरोघर फिरत होते आणि आमच्या ओसरीवर प्रत्येकजण हाच प्रश्न घेऊन येत होता, "बंद झाला मां तुझ्या झिलाचा?" बाबा काही बोलायचे नाहीत, मान माझ्याकडे वळवायचे. मी समजावून सांगायचो. कायद्याने बंदी घातली ती पैसे लावून खेळायच्या खेळांवर. ई-स्पोर्ट्स, म्हणजे आमच्यासारखे स्पर्धेत खेळायचे व्हिडिओ गेम, त्यातून वेगळे काढले, त्यांना स्पर्धात्मक खेळ म्हणून मान्यता दिली. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्येच केंद्राने त्यांना क्रीडा मंत्रालयाच्या अखत्यारीत बहुक्रीडा स्पर्धांचा भाग मानलं होतं. जाकार्ताच्या २०१८ च्या आशियाई खेळांत, जेव्हा ई-स्पोर्ट्स फक्त प्रात्यक्षिक म्हणून होते, तीर्थ मेहता या भारतीय खेळाडूने हार्थस्टोन या पत्त्यांच्या व्हिडिओ गेममध्ये कांस्य मिळवलं होतं. हे सगळं मी मोदक खात अकरा दिवसांत बहुतेक तीस वेळा सांगितलं. अकराव्या दिवशी शेजारचे काका आले, त्यांनी तोच प्रश्न विचारला, आणि मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "ता जुगाराचा वेगळा. ह्येचा वेगळा."

मुलांच्या आया मला फोन करतात. माझ्या झिलाला घ्या, तो दिवसभर खेळतो, चांगला खेळतो. मी बहुतेकांना नाही म्हणतो. अठराच्या आतल्यांना खेळातच दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे आणि ती मला योग्य वाटते. बारावी झाल्याशिवाय मी कोणालाही घेत नाही. आणि त्या आयांना खरं सांगतो: या धंद्यात खेळ एका सकाळी नाहीसा होऊ शकतो, माझ्या बाबतीत तो दोनदा झाला आहे, पगार थांबू शकतो, अंगठा जाऊ शकतो. दिवसभर खेळणं आणि चांगलं खेळणं यांचा संबंध लोकांना वाटतो तेवढा नाही. एका आईने हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुम्ही अजून त्यातच का?" मी तिला 'दोन-चार-शून्य'ची गोष्ट सांगितली. अर्धा तास बोललो. तिला कळलं की नाही ठाऊक नाही, पण मुलाला तिने नंतर पाठवलं, बारावी करून. तोच आमचा चिपळूणवाला.

गेल्या थंडीत आम्ही एका कॉलेजमधल्या स्पर्धेला गेलो. मोठी नव्हती. हॉलमध्ये टेबलं लावलेली, पंख्यांचा आवाज, प्रत्येक संघामागे भिंतीला टेकून एक खुर्ची कोचसाठी. पहिल्या सामन्यापासून नियम सांगितलेला होता, कोच बोलला तर संघाचे गुण कापणार.

शेवटच्या सामन्यात आम्ही चौथ्या वर्तुळापर्यंत पूर्ण चार होतो. मला पडद्यावर दिसलं की उजवीकडच्या ओढ्यातून एक संघ येतोय. ओढ्याच्या काठावर गवत हललं होतं. चौघांपैकी कोणीही तिकडे बघत नव्हतं. दोघं गप्प झाले होते. तो चाळीस सेकंदांचा क्षण माझ्या समोर, चालू, आणि मी थांबवू शकत नव्हतो. माझा उजवा अंगठा मांडीवर आपोआप डावीकडून उजवीकडे सरकत होता, जसा पडद्यावर नजर फिरवायला सरकतो. मी तो डाव्या मुठीत धरून ठेवला. दहा सेकंद गेले. पंधरा.

मग राजापूरचा, जो सहसा कधी पहिलं बोलत नाही, म्हणाला, "मला काही कळत नाहीये. आपण काय करतोय?"

विरारवाला वळला. "दोन-चार-शून्य. तीन. ओढ्यात."

तो संघ त्यांनी पाडला. सामना जिंकला नाही, दुसरे आले. एकूण स्पर्धेत तिसरे. बक्षिसाची रक्कम रोख मिळाली. परतीच्या गाडीत मुलांनी सीटवर नोटा मांडल्या आणि मला न विचारता पाच ढीग केले. मी नाही म्हटलं. त्यांनी माझ्या बॅगेत कोंबले.

घरी पोचलो तेव्हा बाबा ओसरीवर फाटलेलं जाळं सांधत बसले होते. मी पैसे त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी मोजले नाहीत.

"चौघां खेळले मां? मगे पाच वाटे कित्याक?"

"त्यांनीच केले."

बाबांनी दोरा दाताने तोडला. "तू थंय काय केलंस?"

"गप रवलंय."

"किती वेळ?"

"अर्धो तास."

ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग सुई पुन्हा जाळ्यात घातली.

"कठीण आसा," ते म्हणाले.